इंदूर ते ग्वाल्हेर : अंतर एकच, मग विमानाच्या वेळेचे तीन आकडे का?

मैत्रेयी_इंदूर | १२ जानेवारी, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

माझी मावशी दिवाळीपासून आमच्याकडे इंदूरला आहे. तिच्या नातीचे लग्न फेब्रुवारीत ग्वाल्हेरला आहे आणि तिला सुखरूप तिथे पोहोचवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. मावशीचे वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे. त्यामुळे रात्रभराचा रेल्वेप्रवास तिला झेपणार नाही, म्हणून विमानाचा विचार चालू आहे.

आता माझी अडचण सांगते. अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळावर इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ ते ग्वाल्हेरचा राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळ हे अंतर ४६६ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ १ तास ५ मिनिटे दिला आहे. दुसऱ्या संकेतस्थळावर अंतर ४६७ किलोमीटर आणि वेळ ५५ मिनिटे आहे. तिकिटावर मात्र सकाळी १०.४० ते दुपारी १२.०५, म्हणजे १ तास २५ मिनिटे छापलेली आहेत. गेल्या वर्षी एका वेगळ्या प्रवासात मी असाच संकेतस्थळावरचा आकडा प्रमाण धरून पुढच्या रेल्वेचे आरक्षण केले होते, आणि ती गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटून गेली. या वेळी सोबत मावशी आहे, त्यामुळे नीट समजून घ्यायचे आहे. यातला खरा आकडा कोणता आणि बाकीचे कुठून येतात?

राजवाडा_७ | १२ जानेवारी, सकाळी ९.३२

तिकिटावरची वेळ धरावी. न्यायला येणाऱ्यांनाही तीच कळवावी.

नकाशावेडा | १२ जानेवारी, सकाळी ११.०५

अंतराचे उत्तर सोपे आहे आणि ते घरी वहीत काढता येते, म्हणून आधी तेवढे देतो.

इंदूरचा विमानतळ साधारण २२.७२ उत्तर अक्षांश आणि ७५.८० पूर्व रेखांशावर आहे, ग्वाल्हेरचा २६.२९ उत्तर आणि ७८.२३ पूर्व. अक्षांशातला फरक ३.५७ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, त्यामुळे उत्तरेकडची चाल झाली ३९७ किलोमीटर. रेखांशातला फरक २.४३ अंश आहे, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे तिथे दोन्ही अक्षांशांच्या मधल्या साडेचोवीस अंशांच्या कोज्येने (कोसाइनने), म्हणजे ०.९१ ने गुणावे लागते. पूर्वेकडची चाल आली २४६ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा, ४६७ येते. इतक्या कमी अंतराला पायथागोरसने काम भागते.

मग ४६६ कुठून आले? पृथ्वी पूर्ण गोल धरली तर ४६७ येते आणि ध्रुवांशी किंचित चपटी धरली, जशी ती खरोखर आहे, तर ४६६ च्या जवळ येते. म्हणजे दोन्ही संकेतस्थळे आपापल्या जागी बरोबर आहेत.

याहून मोलाची एक गोष्ट नकाशावर दिसते. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला बिजासन टेकडीजवळ आहे, आणि ग्वाल्हेरचा शहराच्या ईशान्येला महाराजपुऱ्याकडे. प्रवासाची दिशाही ईशान्यच आहे. म्हणजे आपण आधी उलट बाजूला जाऊन विमानात बसतो आणि शहर ओलांडून पलीकडे उतरतो. इंदूरच्या मध्यावरचा राजवाडा ते ग्वाल्हेरच्या मध्यावरचा महाराज बाडा असे सरळ रेषेत मोजले तर अंतर सुमारे ४५० किलोमीटरच भरते.

लष्करकर | १२ जानेवारी, दुपारी १.२०

नकाशावेडा यांचे गणित सुरेख आहे, पण मैत्रेयीताईंना त्याचा उपयोग किती, याविषयी मला शंका आहे. माझे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे, मुलगी इंदूरला दिलेली आहे, आणि ही फेरी मी आजवर रेल्वेने, मोटारीने आणि विमानाने अशा तिन्ही मार्गांनी केलेली आहे. मोजायची वेळ असते ती उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतची.

देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्यांचे सामान स्वीकारण्याचे काउंटर ६० मिनिटे आधी बंद होते. वृद्ध माणूस सोबत असेल तर दीड तास आधी पोहोचणेच शहाणपणाचे. त्यात घर ते विमानतळ अर्धा तास मिळवा, तिकिटावरचे १ तास २५ मिनिटे मिळवा, सामान येईपर्यंत वीस मिनिटे धरा आणि महाराजपुऱ्याहून लष्करात यायला पाऊण तास. बेरीज साडेचार तास होते. हवेतला एखादा तास त्यात पाव हिस्साही भरत नाही.

गणिताचे_मास्तर | १२ जानेवारी, दुपारी ३.४५

संकेतस्थळांचे आकडे उलगडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले.

पहिल्या संकेतस्थळाने ताशी ८०० किलोमीटर वेग धरला आहे. ४६६ ला ८०० ने भागले की ३५ मिनिटे येतात. त्यात चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला की १ तास ५ मिनिटे. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना ते हेच सूत्र लावत असणार. दुसऱ्याने ताशी ५१० किलोमीटर धरले आणि वर काहीच मिळवले नाही. ४६७ भागिले ५१० म्हणजे ५५ मिनिटे.

पहिल्याचा वेग मोठ्या जेट विमानाचा आहे, दुसऱ्याचा पंख्याच्या एटीआर विमानाचा. पहिल्याने धरलेले विमान चुकले, दुसऱ्याने जमिनीवरचा वेळ सोडून दिला. ताईंनी तिकिटावर विमानाचा प्रकार पाहून सांगावा.

मैत्रेयी_इंदूर | १२ जानेवारी, सायंकाळी ५.१५

मास्तर, पाहिले. एटीआर ७२ असे लिहिले आहे.

निवृत्त_नियंत्रक | १३ जानेवारी, सकाळी ७.४०

मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. वरची चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो. आमच्या भाषेत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावलेली असतात, त्यांना चॉक म्हणतात. ती काढून विमान हलले की घड्याळ सुरू होते, आणि मुक्कामी पोहोचून पुन्हा चॉक लागले की थांबते. मधल्या काळात विमान धावपट्टीपर्यंत चालत जाते, आधीच्या विमानासाठी थांबते, उडते, चढते, सरळ जाते, उतरणीला लागते, वळून धावपट्टीच्या रेषेत येते, टेकते आणि पुन्हा चालत आपल्या जागेवर येते. ताशी ५१० किलोमीटर, म्हणजे २७५ नॉट, हा एटीआरचा वेग त्यातल्या फक्त सरळ जाण्याच्या टप्प्यात मिळतो. चढताना वेग बराच कमी असतो आणि शेवटच्या टप्प्यात तो पुन्हा उतरवत आणावा लागतो.

या मार्गाचे एक वैशिष्ट्य आहे. इंदूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एक टोक पूर्व-ईशान्येकडे आणि दुसरे पश्चिम-नैऋत्येकडे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडवतात आणि उतरवतात. वारा पश्चिमेचा असेल तर विमान पश्चिमेकडे उडते आणि मग वळून ग्वाल्हेरची वाट धरते. ग्वाल्हेरची धावपट्टीही साधारण ईशान्य-नैऋत्य अशीच आहे. तिथेही पश्चिमेचा वारा असला तर नैऋत्येकडून आलेल्या विमानाला विमानतळ ओलांडून पुढे जावे लागते आणि मागे वळून टेकावे लागते. वारा उलटा असेल तर दोन्हीकडचा वळसा वाचतो. त्यामुळे एकच मार्ग, एकच विमान आणि एकच वैमानिक असूनही दोन दिवसांच्या वेळेत सहज दहा मिनिटांचा फरक पडतो.

शिवाय ग्वाल्हेरचा तळ हवाई दलाचा आहे. मिराज २००० विमाने तिथलीच. प्रवासी विमानांना तिथे जागा दिलेली आहे, पण लढाऊ विमानांची ये-जा चालू असेल तर प्रवासी विमानाला थोडे थांबावे लागू शकते. वेळापत्रक करणारे हे सगळे धरून आकडा ठरवतात, त्यात थोडी मोकळीकही ठेवतात. मैत्रेयीताई, तुमचे १ तास २५ मिनिटे या मार्गासाठी मला अगदी रास्त वाटतात.

राजवाडा_७ | १३ जानेवारी, सकाळी ८.०२

काका, फार माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

जिन्सीवाली | १३ जानेवारी, सकाळी १०.३०

काकांनी जमिनीवरच्या वाऱ्याचे सांगितले, वरच्या वाऱ्याचे मी सांगते. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. समजा, विमानाच्या उंचीवर ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. मार्ग ईशान्येचा असल्यामुळे त्यातला निम्मा हिस्सा पाठीवर मिळतो, आणि उरलेला विमानाला बाजूला ढकलतो. म्हणजे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ५६० आणि येताना ४६०. मास्तरांच्या पद्धतीने भागले तर जाताना ५० मिनिटे आणि येताना ६१. अंतर तेच, फरक ११ मिनिटांचा.

यापेक्षा मोठी काळजी धुक्याची आहे. एका जानेवारीत आमचे विमान ग्वाल्हेरच्या आकाशात अर्धा तास घिरट्या घालत राहिले. खाली कापसासारखा पांढरा थर पसरलेला होता आणि किल्ल्याचा कडासुद्धा दिसत नव्हता. शेवटी आम्हाला माघारी फिरवले आणि माझ्या आत्याच्या तेराव्याला मी पोहोचू शकले नाही. मैत्रेयी, लग्न फेब्रुवारीत कधी आहे? पहिल्या आठवड्यात असेल तर निदान एक दिवस हाताशी ठेवूनच नीघ.

सरवटे_स्थानक | १३ जानेवारी, दुपारी १२.५०

मी रस्त्याच्या बाजूने बोलतो. विमानाची सरळ रेष ४६६ किलोमीटर आहे आणि जुना आग्रा-मुंबई रस्ता सुमारे ५०० किलोमीटर. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर. इतका सरळ रस्ता फार थोड्या शहरांच्या नशिबी असतो. विमान चुकले किंवा रद्द झाले तरी रस्ता जागच्या जागी असतो. नऊ-दहा तास लागतात हे मान्य, पण मावशींना हवे तिथे गाडी थांबवता येते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मध्ये चार पावले चालायला मिळणे ही लहान सोय नव्हे.

नकाशावेडा | १३ जानेवारी, दुपारी १.१५

सरवटे_स्थानक यांचे निरीक्षण अचूक आहे. मी सरळ रेष नकाशावर टाकून पाहिली. ती देवासला जवळून जाते, शाजापूर आणि शिवपुरी जवळजवळ रेषेवरच येतात, आणि रस्ता पूर्वेला काय तो ब्यावरा आणि गुन्यापाशी वीस-तीस किलोमीटर सरकतो. होळकर आणि शिंदे यांच्या राजधान्यांमधली वाट जुन्या लोकांनी किती सरळ काढली होती, याचा हा पुरावाच आहे.

रावपुरा_वडोदरा | १३ जानेवारी, रात्री ९.२०

आमच्याकडे नेमके उलटे आहे, म्हणून लिहिते. माझे माहेर इंदूरचे आणि सासर वडोदऱ्याचे. हरणी विमानतळ ते इंदूर विमानतळ हे हवाई अंतर अवघे २६८ किलोमीटर आहे, तुमच्या अंतराच्या साठ टक्क्यांहूनही कमी. रस्त्याने मात्र हालोल, गोधरा, दाहोद, झाबुआ, धार असे सुमारे ३५० किलोमीटर होतात, आणि त्यात माछलियाचा घाट. रेल्वे तर रतलामला वळसा घालून येते. इंदूर-दाहोद नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ साली झाली, तेव्हा माझे नवे लग्न झाले होते आणि सासूबाई म्हणाल्या होत्या की आता तुझे माहेर जवळ येईल. त्या वाक्याची मला अजून आठवण येते.

थेट विमान सोयीचे नसेल तर संकेतस्थळे आम्हाला मुंबईमार्गे जायला सांगतात. वडोदरा ते मुंबई साधारण ३६३ किलोमीटर, मुंबई ते इंदूर साधारण ५०६. म्हणजे २६८ किलोमीटरसाठी ८७० किलोमीटर उडायचे आणि मध्ये तीन-चार तास बसून राहायचे. त्यामुळे दोन विमानतळांमधले अंतर शोधताना त्या मार्गावर त्या वारी विमान आहे का, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते. मैत्रेयीताई, तुमचे विमान थेटच आहे ना, हे पुन्हा एकदा पाहा. दिल्लीमार्गे असेल तर ६६० आणि वर २७५ किलोमीटर, म्हणजे अंतर दुप्पट होईल.

मैत्रेयी_इंदूर | १४ जानेवारी, सकाळी ८.५५

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या आणि गोड बोला. विमान थेटच आहे. लग्न २२ फेब्रुवारीला आहे आणि जिन्सीवाली यांचे ऐकून मी तिकीट तीन दिवस आधीचे काढले आहे.

सरवटे_स्थानक यांचा मुद्दा मी मावशीपुढे ठेवला. ती म्हणाली, "नऊ तास बसण्यापेक्षा दीड तास बसेन, पण त्या विमानाला जिना किती?" याचे उत्तर कोणी देऊ शकेल का?

लष्करकर | १४ जानेवारी, सकाळी ९.४०

एटीआर विमान जमिनीपासून बरेच खाली असते आणि प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो. त्या दरवाजालाच आतून पायऱ्या जोडलेल्या असतात. त्या मोजक्याच आहेत, पण अरुंद आहेत. काही ठिकाणी उतरता फलाट लावतात. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा आणि पुढच्याऐवजी मागच्या रांगेतली जागा घ्या, म्हणजे आत फार चालावे लागणार नाही. माझ्या आईला मी असेच आणले होते.

राजवाडा_७ | १४ जानेवारी, सकाळी १०.१०

एक बाळबोध शंका आहे. ग्वाल्हेर इंदूरच्या पूर्वेला आहे आणि तिथे सूर्य आधी उगवतो. वेळेच्या हिशेबात तो फरक धरायचा का?

गणिताचे_मास्तर | १४ जानेवारी, सकाळी ११.२५

शंका चांगली आहे. रेखांशातल्या एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. २.४३ अंशांना सुमारे ९ मिनिटे ४० सेकंद होतात, म्हणजे ग्वाल्हेरची मध्यान्ह इंदूरच्या तेवढी आधी होते. परंतु दोन्ही शहरांची घड्याळे ८२.५ अंश रेखांशावरच्या भारतीय प्रमाणवेळेने चालतात, म्हणून तिकिटाच्या वेळेत काहीही मिळवायचे किंवा वजा करायचे नाही.

यावरून आठवले. प्राचीन ज्योतिषग्रंथांत मध्यरेखा उज्जयिनीतून जाते असे मानले आहे, आणि इंदूरचा विमानतळ जवळजवळ त्याच रेखावृत्तावर येतो. मध्यरेखेवरून उडून पूर्वेकडे जायचे, असा हा प्रवास आहे.

निवृत्त_नियंत्रक | १४ जानेवारी, दुपारी ४.००

मास्तरांनी जुना विषय काढला, म्हणून इंदूरच्या विमानतळाविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. होळकर संस्थानाने १९३५ साली टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या साहाय्याने बिजासनची जागा निवडली, आणि १९४८ च्या जुलैत इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी विमाने सुरू झाली. म्हणजे ज्या मार्गाच्या मिनिटांची आपण चर्चा करत आहोत, तो इंदूरच्या पहिल्या मार्गांपैकी एक आहे.

मैत्रेयीताई, माझी एक विनंती आहे. प्रवासात चार वेळा घड्याळ पाहून लिहून ठेवा : विमान हलले तेव्हा, चाके सुटली तेव्हा, चाके टेकली तेव्हा आणि विमान थांबले तेव्हा. मग या धाग्याला पक्के उत्तर मिळेल.

मैत्रेयी_इंदूर | १ मार्च, सकाळी १०.२०

मंडळी, लग्न छान पार पडले. काल इंदूरला परतले आणि काकांना कबूल केल्याप्रमाणे नोंदी देत आहे.

जाताना विमान १०.४६ ला हलले, म्हणजे ६ मिनिटे उशिराने. चाके १०.५५ ला सुटली, ११.५५ ला टेकली आणि १२.०० वाजता विमान थांबले. हवेतला वेळ १ तास, हलल्यापासून थांबेपर्यंत १ तास १४ मिनिटे. उशिरा निघूनही आम्ही छापलेल्या वेळेच्या ५ मिनिटे आधी पोहोचलो. घरातून ८.३५ ला निघालो होतो आणि मावसभावाच्या दारात १२.५५ ला पाय ठेवला. ४ तास २० मिनिटे. लष्करकर, तुमचा अंदाज अवघ्या दहा मिनिटांनी चुकला.

परतताना मी एकटी होते. त्या दिवशी हवेतला वेळ १ तास ९ मिनिटे लागला आणि एकूण १ तास २४. जिन्सीवाली यांनी सांगितलेला वारा मला बरोब्बर भेटला.

पायऱ्या पाचच होत्या. मावशी खुर्ची नाकारून स्वतः चढली, मी मागून कमरेला हात लावून उभी होते. तिला उजवीकडची खिडकी दिली होती. तिचा जन्म शिवपुरीचा आहे. नकाशावेडा यांनी रेष शिवपुरीवरून जाते असे लिहिले होते, म्हणून मी ११.३० नंतर तिला खाली पाहत राहायला सांगितले. थोड्या वेळाने तिने माझा दंड धरला. खाली कोरड्या, मातकट रानात दोन निळी पाणी चमकत होती. ती म्हणाली, "हा सख्यासागर, तो माधवसागर. बाबा आम्हाला रविवारी तिथे न्यायचे." मग तिने माझ्या हातातली वही आणि पेन घेतले, आणि मी लिहिलेल्या ११.३८ या आकड्यासमोर आपल्या थरथरत्या अक्षरात 'शिवपुरी' असे लिहिले.

नकाशावेडा | १ मार्च, सकाळी ११.४५

मावशींची नोंद मी लगेच नकाशाला लावून पाहिली. शिवपुरी रेषेवर इंदूरपासून सुमारे ३५४ किलोमीटर आहे. १०.५५ ते ११.३८ म्हणजे ४३ मिनिटे, सरासरी वेग ताशी ४९४ किलोमीटर. उरलेल्या ११२ किलोमीटरना १७ मिनिटे लागली, म्हणजे वेग ३९५ वर आला. काकांनी सांगितलेली उतरण आणि वळसा याच १७ मिनिटांत आहेत. त्या वहीच्या पानाचे छायाचित्र इथे लावता आले तर जरूर लावा.